दृष्टिहीन मराठी भाषक आणि स्मार्टफोन: पीएचडीच्या आराखड्यावर सल्ला हवा

टाचण

नमस्कार. संज्ञापन विषयातल्या पीएचडीचा आराखडा पुढच्या महिन्यात विभागाच्या समितीपुढे जायचा आहे. विषय: पुणे आणि नाशिक जिल्ह्यांतले दृष्टिहीन मराठी भाषक स्मार्टफोन कसा वापरतात, त्यातही व्हॉट्सॲप, यूपीआय आणि सरकारी सेवांची ॲप्स. सध्या कागदावर आहे ते असं:

१) गूगल फॉर्मवर ३०० जणांची पाहणी. ४५ प्रश्न, बहुतेक 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' अशा तक्त्यात.

२) त्यातल्या २० जणांकडून टॉकबॅक (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) चालू असताना तीन कामं करून घ्यायची: फोटो पाठवणं, पैसे पाठवणं, अर्ज भरणं. काम करता करता 'मनात येईल ते बोलत राहा' ही पद्धत. फोन विभागाचा, रेकॉर्डिंग फोनमधल्याच स्क्रीन रेकॉर्डरने. तुलनेला २० डोळस व्यक्ती, मोजायचं ते कामाला लागलेला वेळ.

३) संमतिपत्र छापील, सही किंवा अंगठा.

मार्गदर्शकांचं म्हणणं, कर्णबधिर वापरकर्तेही घ्या, म्हणजे शीर्षक 'दिव्यांग आणि डिजिटल माध्यमे' असं व्यापक करता येईल.

यात ढोबळ चुका कुठे आहेत? परवानगी विद्यापीठाच्या नीती समितीची पुरते का? आणि शब्द कोणता वापरावा, दिव्यांग, अपंग की आणखी काही? पुस्तकांची यादी नको, ती जमवली आहे. प्रत्यक्ष कामात हाताला काय लागतं ते सांगा.

---

दुहेरीटॅप

सगळ्यात आधी, तुमचं रेकॉर्डिंग मुकं निघणार आहे.

अँड्रॉइड १० पासून स्क्रीन रेकॉर्डरला फोनच्या आतला आवाज टिपता येतो, पण तो गाणी, व्हिडिओ, गेम या वर्गांतला. टॉकबॅकचा आवाज प्रणालीच्या लेखी 'सुलभता' या वेगळ्या वर्गात बसतो आणि त्या वाटेने रेकॉर्ड होत नाही. तासाभराच्या चित्रफितीत फोकसची चौकट (टॉकबॅक सध्या कोणत्या घटकावर आहे ते दाखवणारी) इकडून तिकडे फिरताना दिसेल, फोन काय बोलला ते कळणार नाही. माइक चालू ठेवला तर स्पीकरवरचा आवाज येतो, पण बरेच जण एका कानात इअरफोन घालून फोन वापरतात, मग तोही गेला. त्यात बँकेची आणि यूपीआयची ॲप्स स्वतःचा पडदा रेकॉर्ड होऊ देत नाहीत. तिथे नुसता काळा चौकोन मिळतो.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही एकदम करावे लागतात.

टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये प्रगत विभागात डेव्हलपर सेटिंग्ज आहेत. तिथे उच्चारलेला मजकूर पडद्यावर अक्षरांत दाखवायची सोय आहे, ती चालू करा. फोन जे बोलेल ते पडद्याच्या तळाशी उमटतं. याचा दुसरा फायदा मोठा आहे. सरावलेला वापरकर्ता आवाजाचा वेग इतका वाढवून ठेवतो की नवख्या संशोधकाला त्यातला एक शब्द धड लागत नाही. मग संशोधक म्हणतो, 'जरा वेग कमी करता का?' तसं करू नका. वेग कमी केला की त्या माणसाची सगळी लय बिघडते आणि तुम्ही मोजता ते त्याचं नेहमीचं काम उरत नाही. नंतर रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने ऐका.

दुसरं, वरून हात आणि पडदा दिसेल असा वेगळा कॅमेरा. दुसरा फोन वाकत्या दांड्याच्या स्टँडवर लावला तरी पुरतं. ज्या हाताने स्वाइप करतात त्याच्या विरुद्ध बाजूला लावा, नाहीतर सगळं सत्र मनगटाच्या पाठीचं निघेल. काही जण बॅटरी आणि खासगीपणासाठी टॉकबॅकमधून पडदा काळा करून ठेवतात. ते आधी विचारा आणि सत्रापुरता उघडा ठेवता येईल का ते पाहा.

तिसरं, इअरफोनच्या वाटेत आवाज दुभागणारी वायर: एक टोक त्यांच्या कानाला, दुसरं तुमच्या रेकॉर्डरला. ब्लूटूथ नको, त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि बोटाच्या हालचालीशी मेळ बसत नाही. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही फिती जुळवता येतात.

आता 'बोलत राहा' या पद्धतीबद्दल. डोळसांसाठी ती ठीक आहे, कारण पाहण्याला डोळे लागतात आणि बोलायला तोंड. इथे माणूस कानाने पडदा वाचतोय. तो बोलायला लागला की फोन ऐकू येत नाही, आणि फोन ऐकायचा तर गप्प बसावं लागतं. दोन्ही करायला लावलं की चुका वाढतात, आणि त्या तुमच्या पद्धतीने घडवलेल्या असतात. काम शांतपणे होऊ द्या. मग लगेच, त्याच बैठकीत, तीन-चार मिनिटांचे तुकडे परत ऐकवून विचारा: 'इथे तुम्ही मागे आलात, काय ऐकू आलं होतं?' हे दुसऱ्या दिवशीवर टाकू नका, तोवर तपशील पुसट होतात.

विभागाचा फोन तर अजिबात नको. टॉकबॅकमध्ये हातवारे बदलून घेता येतात, शिवाय नाव नसलेल्या बटणांना वापरकर्ता स्वतः नावं देऊ शकतो. वर्षभर वापरलेल्या फोनवर एखादं ॲप सुरळीत चालतं, कारण त्यातल्या पाच मुक्या बटणांना मालकाने कधीतरी नावं देऊन ठेवलेली असतात. तेच ॲप नव्या फोनवर आंधळी कोशिंबीर. हा फरक हीच तुमची माहिती आहे, ती विभागाच्या फोनवर मिळणार नाही. म्हणून फोन त्यांचाच, आणि सत्राआधी दहा मिनिटं नोंद: फोनचं मॉडेल, अँड्रॉइड आणि टॉकबॅकची आवृत्ती, आवाज देणारं इंजिन, भाषा, वेग, विरामचिन्हं वाचायची पातळी, बदललेले हातवारे, स्वतः दिलेली नावं. ॲपची आवृत्ती आणि तारीखही. ॲप पंधरा दिवसांत बदलतं आणि मग तुमचा निष्कर्ष कशाबद्दल होता ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि डोळसांशी वेळेची तुलना काढून टाका. डोळा पडदा एका नजरेत घेतो, टॉकबॅक एकामागून एक घटक वाचतं. वेळ जास्तच लागणार, त्यातून नवीन काही कळत नाही. तुलना त्याच माणसाची त्याच्याशीच करा: तेच काम दोन वेगळ्या ॲप्सवर, किंवा एकाच ॲपवर मराठी आणि इंग्रजी मांडणीत. निम्म्यांना आधी हे, निम्म्यांना आधी ते, म्हणजे सरावाचा परिणाम एकाच बाजूला पडत नाही.

वेळेऐवजी अडखळण्याची नोंद करा. ती साधारण अशी दिसते (नमुना):

०४:१२ उजवीकडे स्वाइप, उच्चार 'लेबल नसलेले बटण'
०४:१४ थांबा, २ सेकंद
०४:१६ डावीकडे स्वाइप, उच्चार 'रक्कम, संपादन चौकट'
०४:१८ उजवीकडे स्वाइप, पुन्हा तेच बटण
०४:२१ दोनदा टॅप, पान बदललं, फोकस पानाच्या वर
०४:२३ ते ०४:४० अकरा वेळा उजवीकडे स्वाइप, आधीच्याच जागी परत

एकूण वेळ २८ सेकंद, पण त्यातले १७ सेकंद पान बदलल्यावर फोकस वर उडाला म्हणून गेले. नुसता एकूण आकडा हे कधीच सांगणार नाही.

---

अनुस्वार

दुहेरीटॅप यांच्याशी सहमत. भाषेची बाजू राहिली, आणि विषयात 'मराठी भाषक' आहे म्हटल्यावर ती मध्यावर यायला हवी.

मराठी आणि हिंदीची लिपी एकच. लिपीवरून भाषा ओळखणाऱ्या यंत्राला देवनागरी दिसली की ती हिंदी की मराठी हे कळायला मार्ग नाही. वेबपानाच्या कोडमध्ये भाषेची खूण 'एमआर' अशी लिहिलेली असेल तरच आवाज नेमका बदलतो. ती नसते, किंवा सगळ्या पानावर इंग्रजीची खूण असते, आणि मग मराठी मजकूर हिंदी आवाजात नाहीतर इंग्रजी आवाजाकडे जातो. तुमच्या गूगल फॉर्मलाही हेच लागू: प्रश्न मराठीत, पण फोनची मांडणी इंग्रजी असेल तर आजूबाजूची बटणं इंग्रजीत. भरणाऱ्याला एका पानात दोन-तीनदा आवाज बदललेला ऐकू येतो, किंवा बदलायला हवा तिथे बदलत नाही.

सत्राआधी प्रत्येकाच्या फोनवर वाचून घ्यायला २०-२५ वाक्यांचा एक कागद तयार करा. त्यात हे हवंच:

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना', 'दर्या' आणि 'दऱ्या'. दोन्ही जोड्या वेगळ्या ऐकू येतात का?

पाण्याचा 'जग' आणि सारं 'जग'. लिहायला एकच, ज वेगळा. इंजिनाला संदर्भ कळत नाही, एकच उच्चार दोन्हीकडे येतो. माणूस मात्र समजून घेतो, त्यामुळे याला अडथळा म्हणू नका, नुसती नोंद ठेवा.

'ॲप', 'बँक', 'ऑनलाइन'. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या जागतिक संगणकीय मानकात) उशिरा आलं. काही जुनी इंजिनं ते गाळतात किंवा चुकीचं वाचतात, आणि नेमकं तेच अक्षर डिजिटल कामाच्या प्रत्येक वाक्यात असतं.

'रु. १,२५०', 'दि. ०५/०८', 'क्र. ७/१२'. संक्षेपांचे टिंब पूर्णविराम समजून वाक्य तुटतं. सात-बारा कधी 'सात भागिले बारा' होतो, कधी तारीख.

मग दोन गोष्टी ज्या टॉकबॅकच्या हातातच नाहीत. एक, जुन्या फाँटमधला मजकूर. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं कागदपत्र डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो आणि स्क्रीन रीडर तो कचराच वाचतो. दोन, स्कॅन करून पीडीएफ केलेली परिपत्रकं. त्यात मजकूर नसतोच, चित्र असतं. अर्ज भरायचं काम ठेवताय तर अर्जासोबतच्या सूचना यांपैकी कशात आहेत ते आधी तपासा. नाहीतर ॲपच्या नावावर पीडीएफचा दोष मांडला जाईल.

व्हॉट्सॲपवर आणखी एक गंमत: रोमन लिपीत लिहिलेली मराठी. 'कसा आहेस' रोमनमध्ये आलं की इंग्रजी आवाज ते इंग्रजी शब्द समजून वाचतो. कान सरावलेले लोक ते ओळखतातसुद्धा. कोण कुणाला देवनागरीत लिहितं, कोण रोमनमध्ये, आणि दृष्टिहीन सभासद असलेल्या गटात लोक आपली सवय बदलतात का, यावर एक अख्खं प्रकरण होईल. सुप्रभातचे चित्र-संदेश आहेतच, त्यांत अक्षरं चित्रातच असल्याने फोनला ते नुसते 'फोटो'.

म्हणून 'फोनची भाषा कोणती' हा एक प्रश्न पुरत नाही. चार वेगळे विचारा: फोनच्या मांडणीची भाषा, टॉकबॅकच्या आवाजाची भाषा, टाइप करायची भाषा, आणि बोलून लिहायची भाषा. चारही सारख्या असलेला माणूस कमी सापडेल.

---

कलम४२

परवानगीबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) याचं कलम ६ पोटकलम २ वाचा. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर दोन गोष्टी लागतात. पहिली, तिची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती, आणि तीही तिला पोचेल अशा स्वरूपात. दुसरी, शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी. या समितीचे निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनांचे असायला हवेत. हे कलम औषधांच्या चाचण्यांपुरतंच आहे असा समज विद्यापीठांत सर्रास दिसतो. शब्द मात्र 'संशोधन' असाच आहे. विद्यापीठाच्या नीती समितीचं पत्र जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी विचारणा करा आणि पोच घ्या. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हे काम आराखड्यासोबतच सुरू करायचं.

छापील संमतिपत्र ज्याला वाचता येत नाही त्याची त्यावर सही घेणं ही माहितीपूर्ण संमती होत नाही. दीड-दोन मिनिटांचा मराठी व्हॉइस मेसेज आणि तोच मजकूर युनिकोडमध्ये, असं दोन्ही सत्राच्या दोन दिवस आधी पाठवा. सत्राच्या सुरुवातीला तोंडी संमती रेकॉर्ड करा: नाव, तारीख, काय काय रेकॉर्ड होणार, केव्हाही थांबता येईल, फिती कधी पुसल्या जाणार. अंगठ्याचा पर्याय छापूनच ठेवू नका. अनेक दृष्टिहीन लोक सही करतात, फक्त जागा कळावी म्हणून सहीची पट्टी लागते. साक्षीदार लागला तर त्या व्यक्तीचा फोन हाताळणारा नातेवाईक नको. फोन वापरायची किती मोकळीक घरात आहे हा तुमच्याच प्रश्नावलीतला विषय आहे ना?

पालकाची संमती: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं कलम ९ कायदेशीर पालक नेमलेला असेल अशा दिव्यांग व्यक्तीसाठी आहे. प्रौढ दृष्टिहीन माणसाच्या वतीने भावाची किंवा बायकोची सही मागणं हे कायद्यात बसत नाही, आणि अपमानही आहे.

व्हॉट्सॲपच्या कामात एक गोष्ट हमखास सुटते. फोन मोठ्याने दुसऱ्यांचे निरोप वाचतो, आणि त्या दुसऱ्यांनी संमती दिलेली नसते. त्या कामासाठी वेगळा गट बनवा, त्यात तुम्ही आणि सहभागी एवढेच. सत्रापुरत्या बाकीच्या सूचना बंद.

शब्दाबद्दल. शासकीय नावांत 'दिव्यांग' आहे, तिथे तेच लिहावं लागेल. २०१५ च्या अखेरीस हा शब्द पुढे आल्यावर अपंग हक्क चळवळीतल्या अनेकांनी त्याला आक्षेप घेतला: शरीरात दैवी काही नाही, अडचण रस्त्यात आणि कार्यालयात आहे. तुमच्या प्रबंधाला नेमका शब्द हवा, म्हणून 'दृष्टिहीन' आणि 'अल्पदृष्टी' हे दोन वेगळे ठेवा. अल्पदृष्टीची माणसं पडदा मोठा करून, रंग उलटे करून, आणि थकल्यावर टॉकबॅक लावून वापरतात. त्यांना एका रकान्यात टाकलंत तर दोन्ही गटांची माहिती बिघडेल.

बाकी हे संशोधन आत्ता का, याला समितीपुढे एक सरळ उत्तर आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी सुलभ करण्यासाठी २० निर्देश दिले. पापण्या मिटून दाखवा, चेहरा चौकटीत आणा, असल्या अटींवर ते प्रकरण उभं होतं. निर्देश पाळले जातात का, हे आवृत्ती आणि तारखेसह कुणीतरी नोंदवायला हवं.

---

टाचण

सगळ्यांचे आभार, आराखड्याचा दुसरा टप्पा जवळपास पुन्हा लिहावा लागेल असं दिसतंय. दोन उपप्रश्न. यूपीआयचं काम खऱ्या पैशांनी करायचं का, की ते वगळू? आणि पाहणीबद्दल कुणीच बोललं नाही. ३०० हा आकडा मार्गदर्शकांना हवा आहे.

---

पडद्यामागे

यूपीआय वगळू नका, तिथेच सगळं आहे. पद्धत अशी: १० रुपये आधी रोख द्या, त्यांनी तुमच्या खात्यावर १० पाठवायचे. व्यवहार अडकला तर नुकसान तुमचं. पिनचं पान आलं की कॅमेऱ्यावर टोपी, रेकॉर्डर बंद, फक्त स्टॉपवॉच. शिल्लक तपासायचं काम ठेवू नका, फोन ती मोठ्याने सांगतो. ओटीपीकडे मात्र नीट लक्ष द्या: एसएमएसची सूचना चालू वाचनावर येऊन आदळते, माणूस एसएमएस ऐकायला बाहेर जातो, परत येतो तेव्हा फोकस कुठे असतो? आकडा भरायच्या चौकटीत, पानाच्या माथ्यावर, की पान नव्यानेच उघडलेलं? सेकंद उलटे मोजणारा घड्याळाचा मजकूर असेल तर काही ॲप्समध्ये तो दर सेकंदाला वाचला जातो आणि बाकी काहीच ऐकू येत नाही.

आता ३००. गूगल फॉर्म व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवून ३०० उत्तरं मिळतीलही. पण ती कुणाची? ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, जे संस्थेच्या गटात आहेत, ज्यांना फॉर्म भरता येतो. बहुधा शहरातले, शिकलेले, पुरुष जास्त. साधा फोन वापरणारी येवल्याची बाई, किंवा पन्नाशीत दृष्टी गेलेला आणि घरच्यांनी फोन काढून घेतलेला माणूस त्यात येणारच नाही. मोबाईल कोण वापरत नाही हे मोबाईलवरून विचारायचं, अशातली गत.

तक्त्याचे प्रश्न टॉकबॅकवर सगळ्यात वाईट. प्रत्येक ओळीत पाच गोल बटणं. तिसऱ्या ओळीला पोचेपर्यंत रकान्याचं शीर्षक डोक्यातून गेलेलं असतं, आणि लोक सगळ्या ओळींत मधलं बटण दाबून मोकळे होतात. तुम्हाला वाटतं मत तटस्थ आहे. तक्ते काढा, एका प्रश्नाला एक यादी, पर्याय जास्तीत जास्त चार. 'प्रश्न ७, एकूण २०' असं प्रश्नातच लिहा, किती उरलं हे पडद्यावरच्या पट्टीवरून त्यांना दिसत नाही.

माझ्या मते फॉर्म नकोच. फोनवर बोलून ६० ते ८० मुलाखती, २०-२२ प्रश्न, वीस-पंचवीस मिनिटं. माणसं तीन-चार वाटांनी मिळवा: संस्था (पुण्यात आणि नाशिकमध्ये जुन्या आहेत), महाविद्यालयं, तालुक्याची प्रमाणपत्र शिबिरं, आणि ओळखीतून ओळख. कोण कोणत्या वाटेने आलं ते लिहून ठेवा. प्रत्यक्ष कामाच्या सत्रांना १२-१५ जण पुरे. त्यांच्या तासा-सव्वातासाच्या फिती उलगडायलाच तुमचे महिने जातील. मानधन, येण्याजाण्याचा खर्च आणि सोबत येणाऱ्याचाही खर्च अंदाजपत्रकात आत्ताच घाला, नंतर मंजूर होत नाही. मार्गदर्शकांना आकडाच हवा असेल तर २०११ ची जनगणना दाखवा: देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, त्यांत दृष्टीचे सुमारे ५० लाख ३० हजार, महाराष्ट्रात सर्व प्रकारचे मिळून सुमारे २९ लाख ६० हजार. ओढूनताणून ३०० गोळा केले तरी या संख्येचं प्रतिनिधित्व त्यातून होत नाही, कारण निवड यादृच्छिक नाही.

अपंगत्व आहे का हे विचारायचं असेल तर 'तुम्ही अपंग आहात का' असं नको. वॉशिंग्टन ग्रूपच्या (अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्नांचा संच आहे: पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची निगा, संवाद. उत्तरं चार: अडचण नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. 'खूप' पासून पुढचे गणतीत धरतात. आंतरराष्ट्रीय तुलनेला तेच चालतं. मात्र त्यातला पाहण्याचा प्रश्न 'चष्मा लावूनही' असा आहे, ते शब्द भाषांतरात गाळू नका.

एक शेवटचं, पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. प्रश्नाची धार कुणाकडे आहे ते बघा. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर, स्वतः अपंग, यांनी १९९० मध्ये तिथल्या सरकारी पाहणीतले प्रश्न उलटे करून दाखवले होते. मूळ प्रश्न असा, की वस्तू धरायला, फिरवायला त्रास होतो तो तुमच्या कोणत्या व्याधीमुळे? त्यांचा प्रश्न: बरण्या, बाटल्या, डबे यांच्या रचनेतल्या कोणत्या दोषामुळे त्या धरायला तुम्हाला त्रास होतो? आता तुमचा मसुदा घ्या. 'दृष्टी नसल्यामुळे ॲप वापरताना कोणत्या अडचणी येतात?' असं काही त्यात असणार. 'कोणत्या ॲपमधलं कोणतं पान तुम्हाला कुणाची तरी मदत मागायला लावतं?' असं विचारून पाहा. उत्तरात ॲपचं नाव, पानाचं नाव आणि मदतीला येणाऱ्याचं नातं, तिन्ही मिळतात.

---

खुणेची_भाषा

कर्णबधिर 'घ्यावेत' म्हणून घेऊ नका. दोन वेगळे प्रबंध होतील इतकी ही दोन कामं वेगळी आहेत.

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती हातांनी केलेली मराठी नव्हे. लेखी मराठी ही त्यांतल्या अनेकांची दुसरी भाषा. तुमची मराठी प्रश्नावली त्यांना दिलीत तर तुम्ही त्यांचा मोबाईल वापर न मोजता मराठीचं वाचन मोजाल. मुलाखतीला दुभाषी लागतात, तासाभराच्या सत्राला दोन, कारण वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून काम करावं लागतं. प्रशिक्षित दुभाषांसाठी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत (वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था) चौकशी करा, पण खर्च आधी मोजा.

व्हिडिओ कॉलचा अभ्यास करायचा तर तंत्राची जाण लागते. सेकंदाला साधारण २० चौकटींच्या खाली गेलं की बोटांची अक्षरं तुटतात. त्यामुळे 'रेंज आहे' याचा अर्थ बोलणाऱ्याला एक आणि खुणा करणाऱ्याला दुसरा. रेकॉर्डिंगला दोन कॅमेरे, कंबरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत, पार्श्वभूमी एकरंगी. उलगडा ईलान या सॉफ्टवेअरमध्ये करतात: उजवा हात, डावा हात, चेहरा, मराठी भाषांतर अशा वेगळ्या पट्ट्या. आणि नीती समितीला हे आधी सांगा की चेहरा पुसट करून ओळख लपवता येणार नाही. भुवया, ओठ, मान हे व्याकरणाचा भाग आहेत. चेहरा पुसला की प्रश्न आणि विधान यांतला फरक गेला.

---

अनुस्वार

@खुणेची_भाषा: वेगळे प्रबंध, मान्य. पण व्हॉइस मेसेज ही एकच गोष्ट अशी आहे की जी एकाला वाट उघडते आणि दुसऱ्याला बंद करते. ज्या संस्थांच्या गटांत दोन्ही प्रकारचे सभासद आहेत तिथे कोण कुणासाठी टाइप करून देतं, कोण व्हिडिओखाली मजकूर लिहितं, एवढंच पाहिलं तरी एक छोटा लेख होईल. प्रबंधात नको, बाजूला ठेवा.

---

खुणेची_भाषा

तेवढं चालेल. फक्त तो लेख एकट्या डोळस आणि ऐकू येणाऱ्या माणसाने लिहू नये. दोन्ही बाजूंचा एकेक सहलेखक पहिल्या दिवसापासून हवा, मसुदा 'तपासायला' नव्हे.

---

टाचण

शीर्षक आता फक्त दृष्टिहीनांपुरतं करत आहे, मार्गदर्शकांना या धाग्याचा दुवा दाखवेन. तक्ते काढले, फोनवरच्या मुलाखती ७०, सत्रं १४. दुहेरीटॅप, ती दुभागणारी वायर दुकानात मागितली तर दोन प्रकारच्या दाखवल्या, दिसायला सारख्याच. कोणती?

---

दुहेरीटॅप

फोनकडच्या पिनेवर किती काळ्या रेघा आहेत ते बघू नका, दुसऱ्या टोकाच्या दोन भोकांवरची चिन्हं बघा. एकावर हेडफोन आणि दुसऱ्यावर माइक काढलेला असेल तर ती वायर तुमच्या कामाची नाही. ती आवाज आणि माइक वेगळे करते, दुसऱ्या भोकात काहीच ऐकू येणार नाही. दोन्हींवर हेडफोनचं चिन्ह असलेली घ्या. फोनला गोल भोक नसेल तर आधी टाइप-सीचा ॲडॉप्टर, आणि तो त्याच फोनवर लावून पाहिल्याशिवाय सत्राला नेऊ नका, सगळे ॲडॉप्टर सगळ्या फोनांवर चालत नाहीत. रेकॉर्डरमध्ये 'लाइन' निवडा. 'माइक' ठेवलंत तर आवाज फाटतो. आणि दुभागल्यावर कानातला आवाज थोडा कमी होतो, तो सत्र सुरू व्हायच्या आधी त्यांनाच वाढवायला सांगा.